ओल्या ओंडक्यापाशी

घाई नाही. खांदे सैल सोडा, श्वास त्याच्या चालीने चालू द्या. मनाने अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वताच्या रानात या. पाऊस नुकताच उघडला आहे. समोर एक ओंडका आडवा पडला आहे, साल गळालेला, बोटाने दाबला तर दबेल इतका कुजलेला. त्याच्यापाशी बसा.

आधी दिसेल ती हिरवी, बुळबुळीत साय. नजर तिथून निसटू पाहील. निसटू देऊ नका. सायीतून पांढुरक्या, मऊ काड्या वर आल्या आहेत. उंची जेमतेम सेंटिमीटरभर, आकार चिमुकल्या गदेचा. ही मल्टिक्लॅव्युला म्युसिडा, एक कवक, म्हणजे बुरशी. कवकशास्त्रज्ञ पर्सून यांनी १७९७ मध्ये तिची नोंद केली ती क्लॅव्हेरिया या मोठ्या प्रजातीत. तिला आणि तिच्या सख्यांना स्वतःची प्रजाती मिळाली १९६७ मध्ये, कवकशास्त्रज्ञ रोनाल्ड पीटरसन यांच्यामुळे. तिचे वेगळेपण गदेच्या पायाशी आहे.

नजर तिथे उतरवा. कुजक्या लाकडावर बुरशी दिसली की ती लाकूड खाते, असे आपण धरूनच चालतो. तो समज थोडा वेळ बाजूला ठेवा. ही साय म्हणजे एकपेशीय हिरवे शैवाल. कवकाच्या तंतूंनी त्या पेशींना वेढून अगदी बारीक गोळ्या केल्या आहेत. शैवाल उजेडातून अन्न घडवते, कवक त्यावर जगते. लाकडाकडून ओल आणि टेकायला जागा, एवढेच. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलही असाच जोडसंसार आहे. पण त्यातले कवक, जगातल्या बहुतेक सगळ्या दगडफुलांतल्यासारखेच, वेगळ्या वंशाचे. मल्टिक्लॅव्युला छत्रीवाल्या अळंब्यांच्या वंशातली. त्या वंशात ही रीत फार थोड्यांनी धरली.

सावकाश श्वास सोडा. गदा थोड्या दिवसांच्या. बीजाणू झडले की त्या विरून जातात. साय मागे राहते. मग मल्टिक्लॅव्युला म्हणायचे कुणाला? माझे मन सायीकडेच झुकते.

आता ओंडक्याचा विचार करा. खडकावरचे दगडफूल शतकानुशतके टिकू शकते. हिने बिऱ्हाड केले आहे ते दरवर्षी झिजणाऱ्या लाकडावर. बीजाणू निघतो तो एकटा, शैवाल बरोबर न घेता. त्याला ओले लाकूड गाठावे लागते, आणि तिथे शैवालही भेटावे लागते. म्हणून रान साफ करताना कुणी पडलेली झाडे उचलून नेली की मला फार वाईट वाटते.

मान वळवा, सावकाश. पुढचा ओंडका इथून किती लांब आहे?