कारवीचा कूड

पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट चढू लागलं की कड्याच्या पोटाला एक वळण येतं. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ असतं, केदारेश्वराच्या लेण्यातलं पाण्याने वेढलेलं शिवलिंग असतं, कोकणकडा असतो, आणि दुपारच्या आत सगळं बघून उतरायचं असतं. पण आम्ही गेलो ते कारवीचं वर्ष होतं. भाद्रपदातली सकाळ, वळणापासून वर नजर पोहोचेल तिथवर उतार जांभळा झालेला, आणि मधमाश्यांचा असा घुमारा की बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, काही डोंगरांवर आठव्या वर्षी. एका डोंगरावरची झुडपं एकाच पावसाळ्यात फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मधली सगळी वर्षं ते नुसतं खरखरीत पानांचं रान असतं.

मी कॅमेरा काढला. आमचा वाटाड्या, एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, एका खडकावर बसला आणि म्हणाला, “सर, ह्या जागेची एक गोष्ट हाये.” ती त्याचीच गोष्ट आहे.

मागच्या कारवीला तो चौदा वर्षांचा होता. त्या आषाढात पावसाने घराचा मागचा कूड पडला. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून, बांधून, वर शेणामातीने लिंपलेली भिंत. हलकी असते, चुलीचा धूर तिच्यातून वाट काढतो, आणि त्या धुराने काठ्यांना कीड लागत नाही. आजीने भगदाडाला गोणपाट लावलं आणि भाताच्या लावणीला निघून गेली.

मग डोंगर फुलला. गाड्या येऊ लागल्या. एका जोडप्याला फोटोसाठी फुलांची कमान हवी होती. पोराने कोयता घेतला, ह्याच वळणावर खळ्याएवढा तुकडा सपासप तोडला आणि भारे बांधून दिले. पाचशे रुपये मिळाले. अभयारण्यात फांदी तोडायची नसते हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या हातात एवढी मोठी नोट पहिल्यांदाच आली होती. तासाभराने लोक गेले, कमान तिथेच पडून राहिली.

आजीला संध्याकाळी कळलं. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, “तोडाया किती येळ लागला?”

“आर्धा घंटा.”

“बरं,” म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

आश्विनात वाघबारस आली. गावच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. गुराखी पोरांनी तिथे खीर शिजवली, एक जण वाघ झाला, बाकीचे त्याच्यामागे आरोळ्या ठोकत धावले. तोवर रानातली फुलं गळून गेली होती, झुडपं वाळायला लागली होती. पोराने कोयत्याला धार लावली. कुडासाठी काठ्या आणायला ह्याहून चांगला वेळ कोणता?

“तडकली का?” आजीने विचारलं.

“कोण?”

“कारवी. ती तडकल्याबिगर कोयता लावायचा न्हाय.”

अकोले तालुक्यातल्या डोंगरांतली थंडी ज्याने काढली आहे त्याला पुढचं सांगायला नको. पौषात गोणपाटातून असा वारा शिरायचा की चुलीपाशी बसलं तरी पाठ गार पडायची. धाकटी बहीण खोकत राहायची. आई कुरकुरली, बापाने दोनदा कोयता हातात घेतला, दोन्ही वेळा आजी उंबऱ्यात आडवी बसली. घराबाहेर पाहावं तिकडे वाळलेल्या काठ्यांनी भरलेला डोंगर, आणि घरात भगदाड. पोराला म्हातारीचा हा हट्ट वेडेपणाचा वाटला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना वाटला असता.

वैशाख सरत आला होता. एका दुपारी गडामागून ढग चढले, वळवाच्या दोन दमदार सरी आल्या आणि थांबल्या. आजीने काठी घेतली आणि म्हणाली, “चल.”

चढण तिला झेपत नव्हती. चार पावलांवर थांबायची, ढोपरांवर हात ठेवायची, परत चालायची. वळणावर पोचून ह्याच खडकावर बसली. ओल्या मातीचा वास सुटला होता. पोराला काहीच दिसत नव्हतं: काळपट काठ्या, त्यांवर चिकट वाळकी बोंडं.

मग तट्‌ असा आवाज झाला. क्षणभराने वर कुठेतरी दुसरा. मग डावीकडे, मग पायापाशी. कढईत लाह्या फुटायला लागाव्यात तसा सगळा उतार फुटायला लागला. पाणी लागून बोंडं तडकत होती आणि बी उडत होतं. एक बी त्याच्या गालावर टणकन बसलं. आजीने डोळे मिटले होते. एवढ्या वर्षांच्या मुक्या रानाने एकदम तोंड उघडलं होतं आणि ती देवळात कीर्तनाला बसावी तशी ऐकत होती.

सुंदर म्हटलं की आपण डोळ्यांच्याच मागे जातो, फुललेला डोंगर बघून परततो. पण त्या म्हातारीचा उत्सव त्या संध्याकाळी होता, जेव्हा बघण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. तिला फुलं आवडत नव्हती असं नाही. फुललेल्या डोंगराला ती नवरी म्हणायची. पण नवरी सासरी नांदलेली तिला पाहायची होती.

पोरगा ऐकत राहिला आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. वरून आवाज येत होता, खालून येत होता, दोन्ही बाजूंनी येत होता. मधे, खळ्याएवढ्या जागेत, काहीच वाजत नव्हतं.

त्याने आजीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. ती तेव्हाही बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आला. खांद्यावरचा टॉवेल पसरून आजूबाजूच्या काठ्या त्यावर झटकल्या, सांडलेलं बी मातीतून वेचलं आणि त्या मुक्या जागेत फेकलं. तीन संध्याकाळी तो हेच करत राहिला. मग बापलेकांनी काठ्या तोडून आणल्या, आजी आणि आईने शेणमाती कालवली आणि मृगाच्या आत कूड उभा राहिला.

“मग? उगवली?” मी विचारलं.

तो हसला. “तुमी त्याच जागेचा फोटो काढताय, सर.”

मी निरखून पाहिलं. मला कुठे सांधा दिसेना, सगळा उतार सारखाच जांभळा होता. त्याने मात्र बोटाने हवेत एक गोल काढला आणि त्या गोलाच्या आतल्या झुडपांकडे थोडा वेळ बघत राहिला.

उतरताना त्याने घरी चहाला नेलं. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. पुढच्या दोन खोल्या आता विटांच्या आहेत, वर पत्रा आहे. स्वयंपाकघर तेवढं जुनंच ठेवलंय, कुडाचं. चुलीमागे कुडाचा एक कोपरा पावसाने ढासळला होता. बाहेर दारापासून डोंगरापर्यंत कारवी उभी होती, कोयता आढ्याला अडकवलेला होता, आणि भगदाडात नीट घडी घालून एक गोणपाट बसवलेलं होतं.