दोन सारख्यांमधली निवड

दोन वस्तू जवळजवळ सारख्या असतील, तर त्यांतली एकच घ्यायला कारण कोणते? हा जुना तात्त्विक प्रश्न गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यापुढे रोकडा उभा राहतो. 2023च्या मे महिन्यात एएमडीचे रेडिऑन आरएक्स 7600 आले, जूनमध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स 4060. दोन्हींत 8 जीबी मेमरी, दोन्हींची मेमरी बस 128 बिटांची, आणि 1080पीवर बहुतेक खेळांत वेगही आसपासचाच.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, संशयाच्या कारणांमध्ये समान धर्मांचे ज्ञान सर्वांत आधी येते. वात्स्यायनाच्या भाष्यात याला खांब आणि माणसाचे उदाहरण आहे. दुरून उंची आणि घेर तेवढा दिसतो, तो दोघांचाही असू शकतो. वेगळेपण दाखवणारी खूण दिसेपर्यंत संशय मिटत नाही. वेगाच्या चाचण्यांचे आलेख चाळत बसणारा असाच पुन्हा पुन्हा उंची मोजत असतो.

खुणा अर्थातच आहेत. 4060ची वीजमर्यादा 115 वॅट, 7600ची 165. 4060ला डीएलएसएस 3 या फ्रेम वाढवणाऱ्या तंत्राची जोड आहे. 7600 बाजारात आले ते 30 डॉलरने स्वस्त. पण यांतली कोणती खूण वजनदार, हे कार्ड सांगत नाही. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशयापाठोपाठ प्रयोजन येते, तो क्रम इथे फार उपयोगी पडतो.

प्राणहितेकाठच्या अहेरीत प्रयोजन पुण्या-मुंबईसारखे राहत नाही. चंद्रपूर शंभर किलोमीटरहून दूर. कार्ड बिघडले, तर ते पाठवून परत येईपर्यंत खेळ बंद. म्हणून वॉरंटीची सोय कुठे आहे, याला पाच-सात फ्रेमपेक्षा जास्त किंमत द्यावी. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल आणि संगणक यूपीएसवर असेल, तर 50 वॅटचा फरकही जाणवतो. पूर्ण भाराने रोज चार तास धरले, तर तो वर्षाला 73 युनिट होतो.

हे सगळे तोलूनही पारडे झुकले नाही तर? जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझच्या मते पुरेशा कारणाशिवाय काहीच घडत नाही, त्यामुळे पूर्ण समतोल जगात नसतोच. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकाच्या अखेरीस, इस्लामी विचारवंत गज्जालीने उलट बाजू मांडली होती. ईश्वराने जग अमुक क्षणीच का निर्माण केले, या वादात त्याने भुकेल्या माणसापुढे दोन सारखे खजूर ठेवले. एकच घेता येत असेल, तरी तो माणूस एक उचलतोच. सारख्यांतून एक वेगळे काढणे हेच इच्छेचे काम. दुकानातल्या निवडीपुरते तरी गज्जालीचे म्हणणे अधिक पटते.

आजच्या तत्त्वज्ञ रूथ चँग यांनी आणखी एक बारकावा दाखवला आहे. दोन पर्याय खरोखर समान असते, तर एकावर पाचशे रुपयांची सूट मिळताच निर्णय झाला असता. सूट मिळूनही मन अडत असेल, तर ते पर्याय समान नाहीत. वीजबचत आणि चित्राची सफाई यांसारखे त्यांचे गुण एका मापाने मोजता येत नाहीत, एवढेच. अशा वेळी जास्त माहितीने निर्णय सुटत नाही. कोणत्या गुणाच्या बाजूने उभे राहायचे, हे घेणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि दोन्हींपैकी काहीही घेतले तरी त्याचे चुकले असे म्हणता येत नाही.