वानझेची वाळू कोणाची?

वाळू, वेताच्या टपवाल्या खुर्च्या, ओल्या अंगाने धावणारी पोरं... बर्लिनच्या नैर्ऋत्य उपनगरातल्या वानझे चौपाटीवर सगळं आहे, फक्त समुद्र नाही. हाफेल नदी इथे तळ्यासारखी ऐसपैस पसरते. तिच्या काठाची ही चौपाटी सव्वा किलोमीटर लांब आहे. वाळूसुद्धा बाल्टिकच्या किनाऱ्यावरून आणून टाकलेली. म्हणजे निसर्गाची देणगी थोडी, माणसाने केलेली सोय जास्त. आणि सोय म्हटली की ती कोणासाठी, हे विचारावंच लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दिवसाढवळ्या उघड्यावर डुंबायला बंदी होती. पण ऊन न पोचणाऱ्या मागच्या चौकांत, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार रविवारी यायचे ते यायचेच. शेवटी 8 मे 1907 रोजी जिल्हाधिकाऱ्याने सुमारे 200 मीटर काठ मोकळा केला. लोक आधी पाण्यात उतरले, परवानगी मागाहून आली.

1929-30 मध्ये मार्टिन वाग्नर आणि रिचर्ड एर्मिश यांनी तिथे पिवळ्या विटांच्या इमारती बांधल्या. डामडौल नाही. खाली कपडे बदलायची सोय, वर उन्हात पडायला सपाट गच्च्या. गरिबांसाठी बांधायचं म्हणजे कसंबसं उरकायचं, ही वृत्ती इथे औषधालाही सापडत नाही. मला या वास्तूचं मोठेपण त्यातच वाटतं.

पण काठ सगळ्यांचा फार काळ राहिला नाही. 1933 मध्ये चौपाटीचे समाजवादी व्यवस्थापक हेर्मान क्लायुस यांनी नाझींच्या हाती सापडण्याआधी जीव दिला. 1938 च्या अखेरीस बर्लिनमधल्या तमाम स्नानस्थळांची दारं ज्यूंना बंद झाली. एका हुकमाने उघडलेला काठ दुसऱ्या हुकमाने मिटला. वाळू तीच, पाणी तेच. पलीकडच्या काठावरच्या एका बंगल्यात 20 जानेवारी 1942 रोजी पंधरा अधिकारी बसले आणि युरोपभरच्या ज्यूंचा संहार कसा तडीस न्यायचा, हे त्यांनी ठरवलं.

युद्धानंतर 1951 मध्ये सात वर्षांच्या कॉनी फ्रोबेसच्या गाण्याने वानझे पुन्हा घरोघरी पोचलं. पुढे भिंतीने कोंडलेल्या पश्चिम बर्लिनकरांना हाच समुद्र होता.

बर्लिनला गेलात तर निकोलासझे स्टेशनवर उतरा, पोहून घ्या. पण त्याच दिवशी पलीकडचा बंगलाही बघा. तिथे आता स्मारक आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.