स्वस्तात मिळालेलं

मुंबईच्या मंगलदास मार्केटात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कटपीसच्या ढिगात हात घातला, की कधीतरी एखाद्या तुकड्यावर बोटं थबकतात. पोत वेगळाच लागतो. नक्षी नीट, रंग शांत. नावाजलेल्या डिझायनरच्या ऑर्डरमधून उरलेलं कापड असतं ते, आणि भाव सांगितला तर खरा वाटत नाही. स्वस्त होण्याची कारणं साधी असतात. ताग्याच्या शेवटी राहिलेले चार-पाच मीटर कुठल्याच मोठ्या कामाला पुरत नाहीत. रंगाईचा एक घाणा दुसऱ्याशी जुळत नाही. हंगाम सरतो आणि दुकानदाराला फळी मोकळी हवी असते. यातल्या कशानंही विणीत खोट येत नाही. खोट आपल्या मनात येते. ‘स्वस्तातलंच तर आहे, बिघडलं तर बिघडलं’ म्हणत आपण ते न भिजवता, न मापता कापायला घेतो. तेच महागाचं रेशीम असतं, तर कात्री लावण्याआधी चार जणांना विचारलं असतं.

माझ्या ओळखीच्या एक काकू शिवण शिकवतात. घरातल्या मुंजीसाठी त्यांनी अशाच एका साडेचार मीटर लिननमधून सुनेला पायघोळ ड्रेस आणि मुलाला-नातवाला एकसारखी जॅकेट शिवली. मशीनवर बसायच्या आधीच त्यांचा निम्मा वेळ गेला. पहिल्यांदा कापड भिजवलं. मागावर धागे ताणलेले असतात, पाणी लागलं की सैलावतात. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटलं तरी नवल नाही. ते शिवण्याआधी आटलेलं बरं. सावलीत वाळवून इस्त्री झाली. मग कापलेल्या कडेचा एक आडवा धागा त्यांनी अलगद ओढून काढला. तो निघाला तिथे कापडावर बारीक रेघ उमटली, आणि त्या रेघेवरून कड सरळ केली. ‘दुकानात कात्री कशीही तिरकी पळते गं,’ एवढंच म्हणाल्या. मग खोलीतल्या खुर्च्या बाहेर गेल्या आणि कापड फरशीवर पसरलं. ड्रेसच्या घेराचे भाग आधी, उभ्या धाग्याला धरून. उरलेल्या जागेत जॅकेटचे. पुढचे दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे नक्षीतली वेल बटणपट्टीवर तुटणार नाही. नातवाच्या जॅकेटला कुशीत दोन बोटं माया जास्त ठेवली, कारण पोरं वर्षात अंगानं वाढतात. एवढं करूनही कापड कमी पडलंच. तेव्हा कुठेतरी जोड देऊन वेल मोडण्यापेक्षा त्यांनी दोन्ही जॅकेटांच्या पाठी त्याच रंगाच्या साध्या कापडाच्या केल्या. मला विचाराल तर ती साधी पाठच जास्त शोभली.

अशी नजर असणारी माणसं मोठ्या पेठांतही होऊन गेली. फ्रान्सच्या फॅशन डिझायनर कोको शनेलनं पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्सी नावाच्या कापडाचे ड्रेस शिवायला घेतले. तोवर ही जर्सी मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरत. उंची पोशाखाच्या दुकानात तिला कुणी उभंही केलं नसतं. १९१६ पर्यंत त्या जर्सीचे पोशाख अमेरिकेतल्या फॅशनच्या मासिकात छापून आले. पुढे शनेलचं जॅकेट जगभर गाजलं. त्यातली एक गोष्ट बाहेरून दिसतच नाही. अस्तराच्या खालच्या कडेनं आतून बारीक साखळी टाकलेली असते, जॅकेट अंगावर सरळ पडावं म्हणून. घालणाऱ्याला तिचं वजन कळतं, बघणाऱ्याला पत्ताही नसतो.

आपला हात किंमत बघून हलका-जड होतो, हे रोजच्या घरातही दिसतं. साहेबांची मेल आपण दोनदा वाचतो. आईचा फोन मात्र दुसरं काहीतरी चाळत ‘हं, हं’ करत ऐकतो, कारण तो रोजच येतो. कुणीतरी न सांगता भरून ठेवलेला डबा, जिन्यात भेटल्यावर ‘बरी आहेस ना?’ विचारणाऱ्या शेजारच्या आजी, गाडी उशिरा आली म्हणून मोकळी मिळालेली दहा मिनिटं. यांना भाव नाही, म्हणून आपण तीही न भिजवता कापून मोकळे होतो. वास्तविक त्यांना फार काही लागत नाही. आजींच्या प्रश्नाला एक पायरी थांबून उत्तर द्यावं. डबा उघडल्यावर भाजीत आज काय वेगळं घातलंय ते ओळखावं आणि संध्याकाळी घरी आल्यावर तसं सांगावं. आणि कपाटात हौसेनं आणलेला सुती किंवा लिननचा एखादा तुकडा ‘बघू कधीतरी’ म्हणून घडीत पडला असेल, तर आधी कोपरा ओला करून रंग जातो का तेवढं बघा. जात नसेल तर आंघोळीला जाताना तो बादलीत टाका. अर्धा तास पुरतो. निघताना दोरीवर घातलात, तर संध्याकाळी बेतायला तयार असेल.