मुखडा आणि त्याची बढत

ख्यालाच्या बंदिशीत रचनाकाराला आधी सुचतो तो बहुधा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा काही मात्रांचा तुकडा. एवढ्याशा जागेत तीन निर्णय झालेले असतात: समेवर कोणता स्वर यायचा, उठाव कितव्या मात्रेपासून घ्यायचा आणि शब्दातल्या कोणत्या अक्षरावर वजन द्यायचे. तीनतालात नवव्या मात्रेपासून म्हणजे खालीपासून उठलेल्या मुखड्याला आठ मात्रांची ऐसपैस वाट मिळते. बाराव्यापासून उठलेल्याला पाचच मात्रा मिळतात, त्यामुळे त्यात एक निकड येते. यमनमध्ये सम गंधारावर आली तर बंदीश तिथे विसावते. तीच निषादावर आली की षड्जाची ओढ शिल्लक राहते आणि ती भागवण्यासाठी पुढची ओळ घ्यावीच लागते. राग तोच असूनही या दोन बंदिशींची बढत पहिल्या आवर्तनापासूनच वेगळी होते.

कल्पना आधी आणि विस्तार मागाहून, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. विस्ताराची दिशा कल्पनेतच ठरलेली असते. स्थायी साधारणपणे मंद्र-मध्य सप्तकांत फिरते, अंतरा तार षड्ज गाठतो. रचनाकाराचे लेखी काम बहुधा इथे संपते. आलाप, बोलआलाप, लयकारी, ताना हे सारे गायकाकडे सोपवलेले असते आणि त्यातली प्रत्येक फेरी मुखड्यावरच परतते. मुखड्याची खरी परीक्षा या परतण्यात होते. विसाव्यांदा ऐकतानाही तो हवासा वाटायला हवा. कलाकुसरीने गच्च भरलेले मुखडे कागदावर देखणे दिसतात, पण गायकाला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. मैफलीत ते फार टिकत नाहीत.

पाश्चात्त्य सिंफनीत विस्ताराचे ओझे रचनाकार स्वतःच वाहतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात तीन आखूड आणि एका लांब स्वराच्या आकृतीने होते. तिची टिपणे 1804 च्या सुमाराची आहेत आणि पहिला प्रयोग व्हिएन्नात 22 डिसेंबर 1808 रोजी झाला. त्याच्या वह्यांमधून दिसते ते असे, की गाजलेल्या कल्पनांची पहिली रूपे पुष्कळदा सामान्य होती. खोडत, बदलत, पुन्हा लिहीत त्यांना धार आली. ती चार स्वरांची आकृती स्वतः फारशी सुरेलही नाही. पण तिची लय इतकी ठसठशीत आहे की स्वर बदलले, वाद्य बदलले तरी ती ओळखू येते. पहिल्या भागाची जवळजवळ सारी इमारत त्या ओळखीवर उभी आहे. तिथे कल्पनेचे बळ लयीच्या आकृतीत आहे, बंदिशीत ते समेशी असलेल्या नात्यात.

नवा राग बांधताना प्रश्न आणखी अवघड होतो, कारण बढतीचे नियमही घडवावे लागतात. जगन्नाथबुवा पुरोहित ऊर्फ गुणिदास यांच्या जोगकंसात पूर्वांगाला जोगचे दोन गंधार आणि उत्तरांगाला चंद्रकंसाचा कोमल धैवत व शुद्ध निषाद. नुसती बेरीज केली असती तर ठिगळ दिसले असते. मध्यमावर दोघांची गाठ बसते, म्हणून गायक एकातून दुसऱ्यात सहज उतरतो.

कुमार गंधर्व उलट्या टोकाकडून निघाले. 1948 मध्ये क्षयाच्या आजारामुळे ते देवासला गेले आणि तिथे माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. अशा धुना बहुधा चार-पाच स्वरांतच वावरतात. त्यांना अंतरा नसतो, तार सप्तकाची गरजही नसते. धुनेत न आलेला पुढचा स्वर कोणता, हे धुनेच्याच चलनावरून ताडायचे आणि मग राग उभा करायचा, असे ते काम होते. 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आल्या. जोगकंस अनेक घराण्यांच्या गायकांनी आपलासा केला. धुनांतून उगवलेले हे धुनउगम राग मात्र बहुतांशी कुमारांच्या शिष्यपरंपरेतच गायले गेले. जोगकंसाचे दोन्ही घटक गायकांच्या आधीपासून गळ्यात होते. धुनउगम रागांची बढत कुमारांच्या स्वरलगावाशी आणि त्यांच्या आखूड, तुटक फेकीशी इतकी बांधलेली होती, की स्वरलिपीतून ती दुसऱ्याच्या हाती पुरती लागत नव्हती.