कानाची साक्ष

खरें आणि खोटें यांत चार बोटांचें अंतर, असें आमचे वाडवडील सांगत आले. डोळा आणि कान यांमध्यें चार बोटांचें अंतर. पाहिलें तें खरें, ऐकलें तें खोटें, हा त्याचा भावार्थ. परंतु गेल्या शतकांतील एका यंत्रानें हा न्याय उलटा केला आहे. ज्या सिम्युलेटरची बैठक हलत नाहीं, त्यांत विमानविद्येचा विद्यार्थी खुर्चीवर स्थिर बसलेला असतो. समोरच्या पडद्यावर मात्र धांवपट्टी मागें पडते, क्षितिज कलतें, ढग अंगावर येतात. डोळा म्हणतो, आपण उडालों. कान म्हणतो, आपण जागचे हललों नाहीं. येथें कान खरा आणि डोळा खोटा!

कानाची ही साक्ष ऐकण्याची नव्हे, तोलाची आहे. अंतःकर्णांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचें वळणें टिपतात, आणि दोन लहान पिशव्या सरळ रेषेंतील गतीचा फरक व गुरुत्वाकर्षण जाणतात. या इंद्रियाचा आणि डोळ्याचा मेळ बसेना म्हणजे घाम सुटतो, मळमळतें, उलटी होते. आम्हांस स्वतःला घाटांत गाडी लागते, तेव्हां हें दुःख आम्ही जाणतों. ज्यांच्या दोन्ही कानांतील हें इंद्रिय निकामी असतें, त्यांना मात्र गाडी लागत नाहीं. १९७७ मध्यें ट्रीझमन या शास्त्रज्ञानें असा तर्क मांडला कीं, निसर्गांत इंद्रियांचा असा बेबनाव विषबाधेनें होत असावा, म्हणून शरीर पोट रिकामें करूं पाहतें. याहून मार्मिक गोष्ट ही कीं, १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एका हेलिकॉप्टर-सिम्युलेटरवर नवशिक्यांपेक्षां मुरलेल्या शिक्षकांनाच अधिक त्रास झाला. सत्याचा परिचय ज्याला अधिक, त्याला असत्य अधिक बाधतें.

आतां यावर विजेचा उपाय निघाला आहे. कानामागील हाडांवर दोन पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडला म्हणजे तोलाचे मज्जातंतू चाळवतात, आणि स्थिर मनुष्यास आपण कललों असें वाटतें. विजेनें घेरी येते हें पुर्किन्ये यांनीं १८२० च्या सुमारासच नोंदलें होतें. २०१२ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं असा प्रवाह पडद्यावरील गतीशीं जुळवून दिला, आणि त्यामुळें मळमळ कमी झाल्याचें प्रसिद्ध केलें.

उपाय सौम्य आहे. प्रश्न सौम्य नाहीं. दोन साक्षीदारांपैकीं एक खोटें बोलत होता आणि दुसरा खरें. आम्ही खोट्यास दटावलें नाहीं, खऱ्यास पढविलें. दोन्ही साक्षी जुळल्या, एवढ्यावरून न्याय झाला म्हणावयाचें काय?

यावर कोणी म्हणेल कीं, नाटकांतील राजाच्या मरणानें रडणारा प्रेक्षक फसलेला नसतो. जाणून-बुजून पत्करलेला भ्रम म्हणजे फसवणूक नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. विद्यार्थ्याच्या बाबतींत तर आम्ही याहूनहि पुढें जाऊं. उद्यां खरें विमान वळेल तेव्हां कान जें सांगेल, त्याचाच पाठ आज वीज त्याला देते. तो चुकला तर पडदा काळा होतो, माणसें मरत नाहींत. हें असत्य सत्याच्या पायरीवर नेऊन सोडतें, म्हणून तें क्षम्य आहे.

परंतु जेथें विद्या नाहीं, केवळ करमणूक आहे, आणि मनुष्य जितका अधिक वेळ बसेल तितका विकणाऱ्याचा लाभ आहे, तेथें काय? मळमळ ही नुसती व्याधि नव्हती. ती एक मर्यादाहि होती. "पुरे, ऊठ," असें ती सांगत असे. तिला गप्प केलें म्हणजे शरीराचा त्रास जातो, पण त्याबरोबर त्याचा सल्लाहि जातो. सिम्युलेटरमधून उतरल्यावर कांहीं तास विमान चालवूं नये, असा दंडक कांहीं सैन्यदलांनीं घातला, तो याच जाणिवेनें: पडदा विझला तरी त्याचा अंमल तत्काळ उतरत नाहीं.

म्हणून या उपायास आमचा विरोध नाहीं. एक अट मात्र आहे. जी मर्यादा शरीर न सांगतां पाळीत होतें, ती यापुढें विवेकानें पाळावयाची आहे. पहारेकऱ्यास ज्यानें झोंपविलें, त्यानें स्वतः जागावें.