हिरवा ठिपका

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केली की माणसाला एक खोड लागते. ज्या रकमेचं काय करावं ते कळत नाही, ती तो 'सस्पेन्स' खात्यात टाकतो आणि सहा-बावीसची लोकल पकडतो. माझ्यापुढच्या बहुतेक नैतिक प्रश्नांची मी आजवर अशीच विल्हेवाट लावत आलो. परवा मात्र एका गोळीने माझं हे खातं उघडं पाडलं.

झालं असं, की माझा भाचा न्यू जर्सीहून आला. मामासाठी बदाम, मामीसाठी शांपू आणि आजीसाठी खास मार्शमॅलोचं पाकीट! आजी म्हणजे माझी आई. तिच्या तोंडात आता पाचच दात उरलेत आणि त्या पाचांचंही एकमेकांशी जमत नाही. त्यामुळे हाताला कापूस आणि जिभेला साखर असा हा पदार्थ तिला फारच मानवला.

पण आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. अंड्याचा केक घरात आला तर तो गॅलरीत उभा राहून खावा लागतो. पहिली गोळी हातात घेऊन तिने विचारलं, "अरे, यात काही वावगं नाही ना?"

चष्मा आतल्या खोलीत होता. मी म्हणालो, "छे गं! गोळीत कसलं आलंय वावगं? साखर असते नुसती."

चार दिवसांनी रिकाम्या होत आलेल्या पाकिटावर नजर गेली आणि दुर्दैवाने तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता. साखरेच्या खालोखाल एक शब्द होता, 'जिलेटिन'. बँकेत मी तो आमच्या कर्ज विभागातल्या जैन सहकाऱ्यांना विचारला. त्यांनी हातातली फाईल मिटली आणि कर्जदार नापास करताना करतात तसा चेहरा केला.

"डुकराची नाहीतर गाईगुरांची कातडी आणि हाडं उकळून काढतात," ते म्हणाले. "चिकटपणा येतो तो त्याचाच."

मग त्यांनी मला बसवून सगळी यादीच ऐकवली. गोळीचा लालभडक रंग कधीकधी निवडुंगावरच्या किड्यांचा असतो. पाकिटावर तो 'ई १२०' असं सभ्य नाव धारण करतो. गोळीवरची चकाकी बऱ्याचदा लाखेची. लाख म्हणजे पळसाच्या नाहीतर बोरीच्या फांदीवर किड्याने सोडलेला राळेसारखा रस. तिजोरीच्या जादा किल्ल्यांच्या पाकिटावर मी इतकी वर्षं जिचं सील मारलं, ती खातातही हे मला तेव्हा कळलं! आपल्या कायद्याने लाखेला शाकाहारात धरलंय, थकबाकीदाराला दंडव्याज माफ करावं तसं.

आपल्याकडे २००१ साली नियम झाला. शाकाहारी पाकिटावर हिरवा ठिपका, मांसाहारी पाकिटावर तपकिरी खूण. अमेरिकेच्या पाकिटावर ठिपका नाही. तिथे माणसाला वाचता येतं असं सरकार गृहीत धरतं.

"पण आपले पेढे, काजूकतली तरी..." मी केविलवाणा प्रयत्न केला.

"वर्ख?" ते म्हणाले. चांदीचा वर्ख पूर्वापार जनावराच्या आतड्याच्या पातळ पडद्यांत ठेवून कुटत असत. प्राण्यापासूनची कुठलीही वस्तू त्यात वापरू नये, असा सरकारी नियम निघाला तो २०१६ साली. म्हणजे त्याआधी देवापुढे ठेवलेल्या चकचकीत पेढ्यांचं काय, हे देवच जाणे. आणि तो नैवेद्य दाखवताना आई नेसायची ते रेशमी सोवळं तरी कुठून आलं? उकळत्या पाण्यात टाकलेल्या कोशांतूनच ना?

घरी परतताना मला दोन युक्तिवाद सुचले, दोन्ही सोयीचे. एक, खोलात गेलं तर सगळंच विटाळलेलं निघतं, मग एका गोळीचं काय एवढं? दुसरा, आईला कळलंच नाही, म्हणजे तिला लागलंच नाही. टाका सस्पेन्सला!

पण ठाणं आलं आणि मला खोटी नोट आठवली. नकळत खोटी नोट घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आम्ही चोर म्हणत नाही. मात्र ती खोटी आहे हे ओळखूनही जो कॅशियर पुढच्या ग्राहकाला देतो, त्याची नोकरी जाते. नोट तीच, पण मधे कळणं आलं. आईने खाल्लं ते नकळत. पाकिटात अजून तीन गोळ्या होत्या आणि आता मला कळलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं. आई बराच वेळ माळेचे मणी चाचपत बसली. मला वाटलं, आता रडणार.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"काल रात्री शंका आली. आज खात्री झाली."

"आणि आज सकाळी मी एक खाल्ली, तेव्हा तू समोर चहा पीत होतास."

मी गप्प.

"मला इंग्रजी वाचता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर तुला विचारलं. तो हिरवा ठिपका का काय म्हणतोस, माझा ठिपका तूच ना रे?"

वीस वर्षांत ऑडिटरने एवढा नेमका शेरा माझ्यावर कधी मारला नव्हता.

"आई, मग आता प्रायश्चित्त..."

"मी खाल्लं ते न कळता. ते पांडुरंग बघून घेईल. तू सांगितलंस ते न बघता. तेव्हा येत्या एकादशीचा उपास तू करायचा. आणि साबुदाण्याची खिचडी नाही मिळायची."

मी उपास केला. दुपारी तीनला काउंटरवर माझ्या हातून साडेपाचशेचे पाच हजार पाचशे झाले, ते संध्याकाळी सात वाजता सापडले.

भाच्याने आता फळांच्या सालींतल्या पेक्टिनवर बनवलेल्या गोळ्या पाठवल्यात. आईने पाकीट माझ्यापुढे धरलं आणि तोंडाने काही विचारलं नाही. मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि चष्मा घेऊन आलो.